एवेलिओची जिरवणारं कुंपण

६ एप्रिल, सोमवार
ठरलं. एवेलिओची जिरवायची. काल चर्चहून आल्यावर सगळे माझ्या ओसरीत बसले होते. त्यांच्यादेखत हा माझा धाकटा भाऊ आईला म्हणाला, इथं दुपारचं ऊन सरळ तोंडावर येतं, त्यापेक्षा माझ्याकडे राहायला चल. तेही माझ्याच घरातली मक्याची तोर्तिया खात. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहणार. थोरला मी आहे.

९ एप्रिल
प्लॅन तयार. दोघांच्या बांधावर पोरोच्या ओल्या खांबांचं कुंपण. आमच्याकडे पोरोचा खांब रोवला की त्याचं झाड होतं. सूर्य मावळतो माझ्या बाजूला, म्हणजे दुपारची सावली सगळी एवेलिओच्या भाजीवर. शिवाय आईला पलीकडे जायला वाटच उरणार नाही.
योरलेनी म्हणाली, आधी कॉफीतलं तण काढा. बायको चांगली आहे, पण तिला राजकारण कळत नाही.

१४ एप्रिल
चंद्र उतरणीला लागला. ओढ्याकाठच्या आमच्या रानातून खांब तोडले. चढत्या चंद्राला तोडलेला खांब कुजतो. सूडात घाई चालत नाही. एकेक खांब पारखून घेतला, सरळ आणि मांडीएवढा जाड. कंबर गेली. तण पुढच्या आठवड्यात.

११ मे
पाऊस लागला. खांब रोवले. एवेलिओ आपणहून मदतीला आला. खड्डे त्यानेच खणले, मधला खांब तर रोवलाही त्यानेच. स्वतःच्या हाताने स्वतःचा सत्यानाश. मला हसू आवरेना. योरलेनीला वाटलं भावांचं जुळलं, तिने दोघांना गरम गुळपाणी दिलं.

२० जून
सगळ्या खांबांना धुमारे फुटले. मधला सोडून. माणसाच्या हाताला गुण नसतो तो असा. बदलू उद्या.

३ ऑगस्ट
एवेलिओचे टोमॅटो गेले. मुळेही उपटले तर दोऱ्यासारखे. आई हळहळली. मीही हळहळलो, तोंडदेखलं. रात्री मस्त झोप लागली.
तण कमरेएवढं झालंय असं योरलेनी म्हणते. तिची कंबर मुळात खाली आहे.

२८ सप्टेंबर
एवेलिओने भाजी मोडून तिथे कॉफीची रोपं लावली. कोवळ्या कॉफीला सावली मानवते, हे मलाही माहीत होतं. फक्त आठवलं नव्हतं. रोपं तरारली आहेत. आभार मानायला वेलावरचे चायोते घेऊन आला, टोपलीभर. हा सरळ सरळ टोमणा आहे. भाजी खाल्ली, पण रागाने.

१५ डिसेंबर
कॉफीची तोडणी. झाडावर थोडी, तणात जास्त. एवेलिओ बायकोला घेऊन तोडायला आला आणि मजुरी घेईना. हेही लक्षात ठेवीन.
माझ्या मिरच्या पिवळ्या पडल्या. सकाळची सावली माझ्या बाजूला पडते. हा पॉइंट एप्रिलमध्ये कुणी काढलाच नाही.

१७ फेब्रुवारी
ऊन वैऱ्यासारखं. ओसरीत आईला छत्री धरून बसवलं. जेवणानंतर खुर्ची रिकामी. मधला खांब कुजून पडलाय, त्या फटीतून ती पलीकडे गेली. सापडली एवेलिओच्या अंगणात, माझ्या पोरोंच्या सावलीत, कॉफी पीत. दुपारपुरतीच जाते म्हणाली. फट उद्या बंद.

८ मार्च
फट राहिली.
आज आईने हाक मारली. म्हणाली, "रिगो, तिकडे काय गार वाटतं रे. झाडं लावावीत तर तू. माझी खुर्ची तेवढी पोचव, आणि उशी."
उशी कशाला, विचारलं.
"रात्री लागेल ना, बाळा."

खुर्ची नेली. उशी नेली. भिंतीवरची तिची देवमातेची तसबीरही काढून नेली, नाहीतर तिला झोप लागत नाही. एवेलिओने मला बसायला स्टूल दिलं. थोडा वेळ बसलो. खरंच गार आहे.
परत येऊन ओसरीत बसलो तर डोळ्यांत पाणी आलं. इथं दुपारचं ऊन सरळ तोंडावर येतं.