एकोणीस डाव्या वहाणा

प्रिय निशिगंधा,

इकडे सगळे ठीक. आबांचा रक्तदाब आटोक्यात आहे, तांबडा रस्सा मात्र सुटत नाही. दोन वर्षांपूर्वी तू कृत्रिम पाय बनवायच्या कामाला जाफन्याला निघालीस, तेव्हा मी स्टँडवर आले नाही. सत्याऐंशी साली ज्या मुलखात आबांचा, तुझ्या बापाचा, डावा पाय सुरुंगाने नेला, तिथेच तू जावेस हे मला पटले नव्हते. शांतिसेना म्हणून गेलेली माणसे. आधी हार पडले, मग गोळ्या सुरू झाल्या. परत आल्यावर इथे वाद एवढाच, की ती लढाई आपली होती का. यांच्या पायाचे कुणी विचारले नाही. लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

तुझे दुभाषे कंदय्या मास्तर यांचा उजवा पाय त्याच वर्षी आपल्या फौजेच्या तोफगोळ्याने गेला, हे तू लिहिलेस. शेतांत अजून सुरुंग सापडतात, हेही. मी ते दोनदा वाचले. इतकी वर्षे मला वाटायचे, भोगले ते आपणच. मास्तरही कुबड्यांवरच चालतात, पाय बसवून घेत नाहीत म्हणे. हट्टीपणा दोन्ही देशांत सारखाच.

आबा पहिल्यांदा कुबड्या घेऊन वहाणा करणाऱ्या तानाबाईकडे गेले आणि एकच वहाण मागितली. चामड्याची वेणी घालता घालता ती म्हणाली, "एकटी वहाण आमच्यात करत न्हाईत, पावणं. जोडच न्या की, पुढंमागं लागंल." काय लागेल, म्हणून मी तिच्याशी भांडले. तेव्हापासून दर दोन वर्षांनी जोड येतो आणि डावी वहाण पेटीत जाते. दिवाळीआधी मी सगळ्यांना तेल पाजते. का, ते विचारू नकोस. चामडे कडक झालेले मला खपत नाही.

आता खरे सांगते. मास्तरांचे माप तेच आहे, डाव्या वहाणा घेऊन या, असे पत्र तू आबांना लिहिले होतेस. मी ते फोडले, आणि तीन महिने त्याच पेटीत वहाणांखाली दडवून ठेवले. अडतीस वर्षे हा माणूस रंकाळ्यावरसुद्धा फरशी सोडून मातीवर पाय ठेवत नाही. तिथली जमीन पाहून खचेल, ही भीती. परवा त्यांनी पेटी उघडली. पत्र वाचून म्हणाले, "माझं पत्र तू फोडलंस ते फोडलंस, वर मास्तरांस्नी तीन महिनं रबरी सपातांवर ठिवलंस व्हय गं?" एवढेच. आज सकाळी रंकाळ्यावर ते फरशी सोडून गवतात उभे होते, दोन मिनिटे. पुढच्या महिन्यात आम्ही दोघे येतो आहोत. अठरा वहाणा बांधल्या. एकोणिसावी आबांनी काढून घेतली. तुझ्या हातचा पाय बसवून घ्यायचा म्हणतात. मी तानाबाईकडे जाऊन भांडण हरल्याचे सांगून आले. माप नीट घे.

तुझीच, स्टँडवर न आलेली
आई