उभं राहून नाव सांग

ता. ३, सोमवार
एकदाची नोकरी लागली! सातवी ब ची वर्गशिक्षिका. मावशीच्या घरापासून शाळा पंधरा मिनिटांवर, तीही रमतगमत चालले तर. मावशीचं म्हणणं, चार दिवस नव्याची नवलाई, मग बघू कशी रमतगमत जातेस ते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातला. एकेचाळीस मुलं, एकवीस बाकं, फळा नवाकोरा, खडू मात्र दगड. एक बाक डुगडुगत होतं, त्याखाली मी पुठ्ठा सारला तर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी एकच नियम बजावला: हजेरीला प्रत्येकाने उभं राहून आपलं पूर्ण नाव सांगायचं आणि मग ‘हजर’ म्हणायचं. त्याने मुलं धीट होतात म्हणे. मला फारच पटलं. लहानपणी मी स्वतः भित्री भागूबाई होते.

ता. ४, मंगळवार
हजेरीत गंमत झाली. सव्वीस नंबरची मुलगी उभीच राहिली नाही, नुसता हात वर केला. आधीच्या बाई तेवढ्यावर भागवून घ्यायच्या म्हणे. मी म्हटलं, लाड पुरे, उभं राहून नाव सांग. राहिली. पहिल्याच अक्षरावर जीभ अडकली, मानेला झटके बसायला लागले. वर्गात तिला ‘रिपीट’ म्हणतात, ते तेव्हा कळलं. सगळे हसले. सवयीने सुटेल, असं मी तिला समजावलं. मुलं माझ्यावर खूश दिसतात. मधल्या सुट्टीत चार मुली टेबलाला चिकटूनच होत्या.

ता. ६, गुरुवार
रोजची पाच मिनिटं सव्वीस नंबर खाते. पंचवीसची हजेरी झाली की वर्ग आपोआप गप्प होतो आणि सगळ्या माना तिच्याकडे वळतात. आज तिने आपली वही माझ्यापुढे आणून ठेवली. तिच्या निबंधातला प्रत्येक शब्द कोणीतरी तीन-तीनदा लिहून ठेवला होता. ती नुसती उभी राहिली. थट्टामस्करी चालायचीच, एवढं मनाला लावून घेऊ नये, असं सांगून मी वही परत दिली. कामं काय कमी आहेत?

ता. १०, सोमवार
सव्वीस गैरहजर. पोटात दुखतं, अशी आईची चिठ्ठी. हजेरी झटपट आटोपली. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

ता. १७, सोमवार
अख्खा आठवडा ती आली नाही. आज सवयीने तिचा नंबर पुकारला आणि उत्तर आलं. तसंच अडखळत, पूर्ण नाव, मग ‘हजर’. तिच्या रिकाम्या बाकावरून. नक्कल कोणी केली म्हणून मी वर्ग डोक्यावर घेतला, सगळ्यांना उभं केलं. कोणी कबूल होईना. खरं तर एरवी खुसुखुसू हसणारी ही मुलं आज पांढरीफटक पडली होती.

ता. १८, मंगळवार
मी हुशारी केली. तिचा नंबर गाळून पंचवीसवरून थेट सत्तावीसवर गेले. तरी उत्तर आलं. आज पुढच्या बाकावरून. मी सगळ्यांची तोंडं बघत होते. चाळीसच्या चाळीस मिटलेली.

ता. १९, बुधवार
शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. आई शिवणकाम करते. मुलगी खाली बसून बटणं लावत होती. आता शाळेत येणार नाही, असं आईनेच सांगितलं. घरी तिची टकळी दिवसभर चालायची, अडखळायची पण थांबायची नाही. शाळेतून शेवटची आली त्या दिवसापासून एक अक्षर बोललेली नाही. आईने मला विचारलं की शाळेत काही झालं का. तिथे नेमकं काय झालं ते कोणी तिच्यासमोर कबूल केलं तर पोर परत जाईल, असं त्या माउलीला वाटतं. मी म्हटलं, नाही हो, विशेष काही नाही. मुलीने एकदाच वर बघितलं. मला माझीच इतकी लाज वाटली की दिलेलं पाणी तसंच ठेवून मी उठले.

ता. २०, गुरुवार
आज उत्तर माझ्या खुर्चीमागून आलं. कानाशी. मागे फळाच होता.
चार तारखेचं मी अर्धंच लिहिलं आहे. सगळे हसले हे खरं, पण हसवलं मी. मान झटकून, तिच्यासारखी अडखळत, तिचं नाव मी घेतलं. अख्ख्या वर्गासमोर. पोरांना मी आवडावे म्हणून. तोवर पोरं नुसती चिडवत होती, नक्कल करायला मी शिकवलं. रोजनिशीत लिहायचीही हिंमत झाली नाही. कसली मी बाई!

ता. २१, शुक्रवार
पंचवीस झाला. आवाजाची वाट बघत थांबले — माझीच मान झटकली. नाव माझ्या तोंडातून आलं. तिच्या आवाजात. ‘हजर’पर्यंत थांबवता आलं नाही.
कोणी हसलं नाही. वर्गाची मॉनिटर रडायला लागली.

ता. २४, सोमवार
त्या दोघी मायलेकी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आल्या आहेत. बाहेर व्हरांड्यात बसल्यात. त्यावरचं कारण मला भरायचंय. मोठ्या बाई म्हणतात, ‘घरगुती कारण’ लिहा. जुने दाखले दाखवले — सहा वर्षांत याच वर्गातून अकरा मुलं गेलेली — सगळ्यांचं घरगुती.
नाही लिहिणार. बाहेर जाऊन सांगते. आत्ताच.

तासाभराने
सांगायला गेले. तोंड उघडलं — म — म — मान झटकायला लागली —
आईला वाटलं, मी तिच्या पोरीला वेडावतेय. तिच्या तोंडावर. पोरीने दोन्ही कान झाकून घेतले. आई म्हणाली की आता कळलं काय झालं ते. मी हात जोडले — तेही तिला नाटक वाटलं —
दाखला घेतल्याशिवाय जाता येणार नाही त्यांना. अजून बसल्यात. लिहून दाखवते. लिहिताना कुठे जीभ लागते. एकच ओळ. वाचली की पोर परत येईल. आधी इथे लिहून बघते, मग दाखल्यावर —

कारण: म मी
कारण: मी ति ति तिची
हात — हाताला झटके —
कारण: मी तिची न न न
उठल्या त्या. जिन्याकडे — थांबा — मी ति तिची न न