मनगटात रुतलेला चुडा

मोरगावच्या वाटेवर, गाडीत

प्रिय श्रेया,

अक्षर वाकडंतिकडं आलं तर नाक मुरडू नकोस. मांडीवर पिशवी, पिशवीवर वही, आणि तुझा नवरा माहेरी गेलेल्या बायकोकडे निघालाय, म्हणजे खड्डे त्याला दिसतच नाहीत. फोन का नाही केला, असं म्हणशील. फोन केला की तुझी आई तो स्पीकरवर टाकते आणि तू "बरी आहे" एवढंच म्हणून गप्प होतेस. सुनेचं "बरी आहे" मला चांगलं ओळखता येतं. मीही आयुष्यभर माझ्या सासूला तेच सांगत आले.

काल तू अंगणातला फोटो पाठवलास. घरातले सगळे म्हणाले, छान भरलीय पोरगी. मी मात्र तुझे हात बघत बसले. डोहाळजेवणाला कासारणीनं हिरवा चुडा भरला, तेव्हा बांगड्या मनगटावर खळखळत होत्या. आता त्या कातडीत रुतल्यात. तोंडावरही सूज आहे. तेव्हापासून मला एका जागी बसवेना. दळण गिरणीतच विसरले, आमटीत दोनदा मीठ पडलं, आणि ऋषिराजच्या वडलांनी "काय झालं" म्हणून विचारलं तर त्यांच्यावरच डाफरले.

शेवटी तुमच्या गावच्या आशाताईंना, स्वरूपाला, फोन लावला. तुझा रक्तदाब वाढलाय, बारामतीला लगेच दाखल करा, असं तिनं परवाच सांगितलंय म्हणे. तुझं डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, हेही तिच्याकडूनच कळलं. आठव्या महिन्यात हे अंगावर काढायचं दुखणं आहे का गं? तू मला सांगितलं नाहीस याचा राग आलाय, खूप आलाय. तो तू बाळंत झाल्यावर काढीन.

तुझ्या आईचं म्हणणंही स्वरूपानं सांगितलं. "दवाखान्यात चुडा उतरवत्यात. बाळ व्हायच्या आत हिरवा चुडा वाढवला तर जावयाच्या जिवावर येतं. संकष्टी होऊ द्या, मग बघू." गोजरबाई वाईट नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जबाबदारी त्यांची. आणि बांगड्या सासरनं भरलेल्या, म्हणून हात लावायची चोरी. उद्या ऋषिराजला नुसतं खरचटलं तरी आम्ही त्यांनाच बोल लावू, ही धास्ती. आपल्याकडच्या विहिणी लावतातही, खोटं कशाला बोलू.

सारजाताई ही माझी थोरली बहीण. पोटुशीपुढे असलं काढू नये म्हणून तिचं नाव मी तुझ्यासमोर कधी घेतलं नाही. डाळजला आमच्या घरी बाळंतपणाला आली आणि अशीच सुजली. आई कौतुकानं सांगायची, "अंगानं भरलीया, पोरगाच हाय बगा." एका दुपारी ताईला झटके सुरू झाले. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला, लिंबू उतरवलं. जीप मिळेपर्यंत ताईही गेली आणि पोटातलं बाळही. मी तिचे पाय धरून बसले होते. पोरीबाळींना तेव्हा कोण विचारतं? आता माझे केस पिकलेत, आणि मला विचारावंच लागेल.

म्हणून हे पत्र, आणि ते आईला मोठ्यानं वाचून दाखव. चुडा आमच्या घरचा आहे. ज्याच्या नावानं भरला तो माझ्या पोटचा पोरगा, आणि त्याच्या जिवाची काळजी माझ्याहून जास्त कुणाला असणार? त्याची आई म्हणून मीच सांगते, बांगड्या वाढवा. साबण लावून निघाल्या तर उत्तम. नाही निघाल्या तर, कधी तोंडातून काढू नये तो शब्दही काढते, फोडा. दोष लागायचा तर मला लागू दे. पत्र ऋषिराज आत आणून देईल; तू वाचशील तेव्हा मी तुमच्या दारात गाडीतच बसलेली असेन. आत येणार नाही. आले की गोजरबाई चहा टाकतील, मग आम्ही दोघी मानपान करत बसू. मागच्या सीटवर तुझ्यासाठी उशी ठेवलीय. बाळ झालं की कासारणीला मी स्वतः घेऊन येईन. आत्ता मोकळ्या हातांनी ये, पण लगेच ये.

तुझीच,
लासुर्ण्याची आई