आठवा दिवस शनिवारी आला

नांगोलो, सोमवार, २० जून २०११

मुलगा झाला शनिवारी आणि मला कळलं आज, तेही केळीवालीकडून. पणजी मेली असं धरून चाललात की काय?

असो. चि. केझियास आजीचे पोटभर आशीर्वाद आणि शालोम.

सुंतेचा आठवा दिवस पुन्हा शनिवारीच पडतो. पडू दे, जन्माच्या यहुद्याची सुंता शब्बाथसाठी थांबत नाही. तुझ्या आजोबांची सुरी घासून ठेवली आहे. आपल्या धर्मावर सरकारची बंदी होती तेव्हा दारं लावून ह्याच सुरीने त्यांनी गावातली निम्मी पोरं यहुदी केली. तुझा नवरा याफेसीसुद्धा त्यातलाच, आणि तोही शनिवारी. शुक्रवारी दुपारीच येऊन राहते. कोंबडी आपल्या एरिया खाटकाकडून नियमाने कापून आणते.

तुझी आजी,
नाऊमे


कामेरी टेकडी, बुधवार, २२ जून

ती. आजीस केझियाचा सा. न. आणि शालोम.

रागावू नकोस. इथले रब्बी कडक रीतीचे. परदेशातून धर्माचे तीन पंच आले होते आणि आपण सगळ्यांनी तळ्यात बुडी मारून यहुदी असल्याचा कागद घेतला होता, आठवतं? त्या तिघांत एक बाई होती, म्हणून ती बुडी धरायची नाही म्हणतात. म्हणजे बाळ जन्माचं यहुदी नाही, आणि जन्माचं नाही त्याची सुंता शब्बाथला चालत नाही. रविवारी करणार. मी म्हटलं, माझी आजी जन्मापासून सगळं पाळते. तर म्हणाले, आजीचंही तेच.

याफेसी मान खाली घालून बसला होता. त्याने मागच्या वर्षीच ह्यांच्यापुढे पुन्हा बुडी मारली, मला आत्ता सांगतोय. मी कुणाकुणाशी भांडू? अजून उठून उभं राहवत नाही. कोंबडी आणू नकोस, आजी, इथे खाणार नाहीत.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
केझिया


नांगोलो, सोमवार, २७ जून

केझियास आशीर्वाद.

शनिवारी दिवसभर अंगणात बसले, तुमच्या टेकडीकडे तोंड करून. शब्बाथला एवढं लांब चालायचं नाही, नाहीतर आलेच असते. मीही नियम पाळते म्हणून सांग तुझ्या रब्बीला.

काल केळी घेऊन आले ते तू पाहिलंसच. केळ्यांना कुणाचा शिक्का लागत नाही. पोर खणखणीत ओरडलं, आवाज आपल्या घरचा आहे. मी केळीच वाटत राहिले. बोलून दिवस मागे गेला असता? रब्बी पोरगेलासा, मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. शिव्या घालायलाही जागा ठेवली नाही मेल्याने.

सुरी तेल लावून फडक्यात बांधून ठेवली. माया आहे तेवढीच आहे, ती पुन्हा मागू नकोस.

पण एक विचारते. तुझ्या आजोबांनी त्या शनिवारी सुरी उचलली, तेव्हा त्यांच्यापुढे निजवलेला याफेसी जन्माचा कोण होता? ह्याचं उत्तर तू लिहायचं नाहीस, रब्बीने तर नाहीच. याफेसीने लिहायचं, स्वतःच्या हाताने.

नाऊमे