गोड खाल्लंस म्हणून

प्रिय गब्बू,

आज बाजारातून येताना पाय आपोआप जुन्या बेकरीच्या गल्लीत वळले. तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान झालंय. तरी मी दारात उभी राहिले आणि मला भाजल्या पावाचा वास आलाच, खोटं नाही सांगत. दुकानदाराने विचारलं, काय हवंय मावशी? उगीच एक चार्जर घेऊन आले.

तू पोटात होतीस तेव्हा मी तिथे केकवर क्रीमची फुलं काढायचे. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. सारखी तहान लागायची; कितीही पाणी प्यायले तरी घशाला कोरड. मालकीणबाई म्हणायच्या, पोटात मासोळी आहे वाटतं! भट्टीच्या उकाड्यामुळे असेल, असं आम्ही धरून चाललो. साखर तपासायला कुणी सांगितलंच नाही. उरलेलं क्रीम बोटाने चाटायची मला सवय होती, ते मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर यायचं. संध्याकाळी बाबा न्यायला यायचे. मी मागे बसले की सायकल कुरकुरायची. ते म्हणायचे, तक्रार सायकलची आहे हं, माझी नाही.

तू आलीस ती चांगली पैलवान होऊन. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. डॉक्टरीणबाईंनी शर्थ करून तुला वाचवलं, पण त्या ओढाताणीत उजव्या हाताची नस ताणली गेली. डावा हात नाचायचा, उजवा नुसता पडून असायचा. बघायला येणारी प्रत्येक बाई आधी तो हात उचलून बघायची आणि मग माझ्याकडे. तुझी आजी तर तोंडावरच बोलली, गोड खाल्लंस म्हणून झालं हे. मी उलटून बोलले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. तुझ्या प्रत्येक वाढदिवसाचा केक मी केला आणि तो कापला की मला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. तुला वाटायचं, आईला केक आवडत नाही.

पण ते दिवस सगळेच वाईट नव्हते गं. रोज सकाळी खिडकीतल्या उन्हात बाबा तुझ्या हाताला कोमट तेल लावायचे, हात हलकेच वर-खाली करायचे आणि बेसूर गाणी म्हणायचे. एकदा ते वाकले आणि तू त्याच उजव्या हाताने त्यांचा चष्मा ओढून खाली पाडलास. काच तडकली. तसाच चष्मा लावून ते कामावर गेले आणि भेटेल त्याला दाखवत सुटले, माझ्या लेकीने फोडला! पुढे त्या हाताने तू शेजाऱ्यांच्याही काचा फोडल्यास, ती गोष्ट वेगळी.

परवा तुझा फोन आला. गरोदरपणात साखर वाढण्याचा धोका किती, याचा आकडा हल्ली जनुकांवरून आधीच काढतात आणि तुझा बराच वर आलाय, असं तू म्हणालीस. मी घाईने फोन ठेवला. तुला वाटलं असेल, आई घाबरली. मी रडत होते, कारण पहिल्यांदाच वाटलं, दोष त्या क्रीमचा नसेलही. काल माझ्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हाची तहान, एवढं मोठं बाळ, आता असलेला मधुमेह, म्हणजे बहुतेक तेव्हाच तुमची साखर वाढली होती. हा कल बराचसा रक्तातूनच येतो, बोटभर क्रीमने नाही. एवढ्या वर्षांनी मला मोकळा श्वास घेता आला. आणि संध्याकाळी जावईबापूंचा फोन, की तू धड जेवत नाहीस आणि बाळाला काही झालं तर ते तुझ्यामुळेच होईल असं म्हणून रडतेस. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस. तो आकडा नुसता सावध करतो. साखर वाढलीय का, ते तपासणीतच कळेल, आणि वाढली तरी सांभाळता येते. मी शनिवारी येतेय, बाबा आपलं आपण करून खातील. तपासणीला दोघी जाऊ. तोवर डॉक्टर सांगतील तसं पोटभर जेव. आणि मी जे निमूट ऐकून घेतलं ते तुला कुणी ऐकवलं, अगदी तूच स्वतःला ऐकवलंस, तरी गाठ माझ्याशी आहे.

तुझीच,
आई