मी बोलावलेलं न्हाय

डाळज,
सोमवार, ता. १३ ऑक्टोबर २०२५

चि. प्रतिक्षा हिला सासूचा आशीर्वाद. तुझ्या आई-आबांना नमस्कार सांग. पाठ दुखायची थांबली का? सुप्याकडं पाऊस उघडला असंल. हितं पहाटे अंगावर गोधडी लागायला लागलीय.

पत्र बघून नवल वाटंल तुला. तुझा फोन मल्हारनं दगडावर आपटलाच होता, आता माझ्या फोनातला तुझ्या आबांचा नंबरही काढून टाकलाय. शेजारच्या बानूबाईचा जावई सुप्याच्या बाजाराला येतो, त्याच्या हाती देते. माझी शाळा सातवीपर्यंतची, चुकलं तर समजून घे.

परसातले वाफे तू अर्धे टाकून गेलीस, ते मी पुरे केले. दोडक्याचा वाळका वेल मांडवावरनं ओढून काढला, घेवडा मुळासकट उपटला. माती उकरून उन्हात तापू दिली, शेणखत घातलं. मेथी, कोथिंबीर टाकली, लसूण लावला, कडंनं मुळा. कोबीची रोपं भिगवणवरनं आणली. न्हाणीजवळच्या वाफ्यात मात्र काही लावलं न्हाय. तितं तुझं रक्त सांडलं होतं. ती माती मी पाटीनं भरून ओढ्यात टाकून आले.

त्या दिवशी काय झालं ते तुला पुरतं ठाऊक न्हाय, तुझ्या डोळ्यात चिखल होता. मोटर चालू राहिली एवढंच निमित्त. मल्हारनं तुझा बुचडा धरून तोंड ओल्या वाफ्यात दाबलं आणि पाठीवर गुडघा दिला. तू हात आपटत होतीस, मग हात आपटायचे थांबले. मी शेणखताची पाटी घेऊन उभी होते. किती वेळ उभी होते ते मला सांगता येत न्हाय. मग पाटी टाकली, फावडं उचललं आणि त्याच्या हातावर घातलं. वाळलं सरपण मोडावं तसा आवाज आला. तो बाजूला पडला, माझ्याकडं बघून म्हणाला, "आये, तू?"

मी पुन्हा घातलं. त्याच हातावर.

बानूबाईला मी एकदाच मारलं म्हणून सांगितलंय. दुसऱ्या वेळी तू सुटलेली होतीस, तो खाली पडलेला होता, तरी मारलं. तुला पळ म्हणून ओरडले ती मीच. गावात तो टेम्पोवरनं पडलो म्हणून सांगतो. हातात लोखंडाची पट्टी घालावी लागली, दोन्ही हाडं गेलीत.

परवा दवाखान्यातनं घरी आला तो सरळ परसात गेला. पायानं सगळे वाफे तुडवले, डाव्या हातानं कोबीची रोपं उपटून माझ्या तोंडावर फेकली. मग विळा घेऊन आला. बानूबाई मधी पडली म्हणून माझं कानामागं तीन टाक्यांवर भागलं. मी आता तिच्याकडंच राहते.

हे सगळं लिहिलं, पण लिहायचं होतं ते अजून लिहिलं न्हाय.

श्रावणात तुला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं तुलाच विचारलं होतं, पोटाला मार कसा लागला. तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, न्हाणीत पाय घसरला. तू माझ्याकडं बघितलंस. तिसरा महिना होता. त्यानं लाथा घातल्या तेव्हा मी माजघरात होते, टीव्हीचा आवाज मी वाढवला होता. एकदा न्हाय, दर वेळी वाढवत होते. माझं लेकरू वाचवायला तुझ्या लेकराला मी पाय घसरला म्हणाले.

आता नीट वाच. गुरुवारी मल्हार आणि त्याचा चुलता सिद्धू तुला न्यायला येणार हायत. सासू आजारी हाय, दिवाळीला सून पाहिजे म्हणून रडतीय, असं सांगणार. सिद्धूनं मला तसं फोनवर बोलायला सांगितलं, मी बोलले न्हाय. मी आजारी न्हाय. मी बोलावलेलं न्हाय. येऊ नकोस. आबा भिडेला पडले तर त्यांना हे पत्र वाचून दाखव, श्रावणातलं सुद्धा.

आज सकाळी बानूबाईला घेऊन ठाण्यात गेले होते. सगळं सांगितलं. जमादारानं पेन खाली ठेवलं, म्हणाला, "मावशी, पोटचा पोरगा हाय. आणि डॉक्टरला खोटं बोलल्याचं तुमच्यावर पण येईल."

मी म्हणाले, "येऊ द्या. लिवा."

त्यानं लिहिलं. ते तुलाही बोलावतील. जायचं का न्हाय ते तू ठरव, माझ्यासाठी जाऊ नकोस आणि त्याच्यासाठी थांबू नकोस. माफी मागत न्हाय. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागंल, आणि या घराला तू लई दिलंस.

वर सासू म्हणून आशीर्वाद लिहिला, तो हात सवयीनं लिहून गेला. खाली जबाबावर केली तशी पुऱ्या नावानं सही करते. गुरुवारी ती त्यांच्यापुढं धर.

सारजाबाई भीमा कोकरे