शंभर ओहमचे एक कोटी

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९
चाकण प्लांट. तीन नंबरचा पट्टा बंद. पट्टा चालू-बंद करणाऱ्या पॅनेलमधल्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी उडू नये म्हणून शंभर ओहमचा रेझिस्टर आणि कपॅसिटर सिरीजमध्ये, एकामागे एक, असतात. रेझिस्टर जळलाय. स्टोअरमध्ये तसला नाही. परचेस म्हणतं, शुक्रवारी. मेंटेनन्सला मी, नंदकिशोर, असताना शुक्रवार कशाला?

दुपारी १
जमलं! कॉलेजात शिकलो होतो, कुठल्याही सिरीज जोडीला तंतोतंत तशीच पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी लावलेली, जोडी काढता येते. पन्नास हर्ट्झला गणित केलं. शंभर ओहमचे एक कोटी झाले. एक कोटी ओहमचा ड्रॉवरमध्ये होताच. जोडला. पट्टा सुरू.

आमची ज्युनियर दिव्या म्हणाली, सर, हे फक्त एका फ्रिक्वेन्सीला खरं. कॉन्टॅक्ट जुळतो त्या क्षणी कपॅसिटर सगळा करंट एकदम ओततो, त्याला आवरायला शंभर ओहम असतो. बाजूला एक कोटीचा लावला काय, न लावला काय. पिंपरीत मिळेल, गाडीवर जाऊन आणते.

म्हटलं, आपल्याकडे लाइट पन्नास हर्ट्झचीच येते. गप्प बसली. पटलं असावं.

मंगळवार, ४ मार्च
निश्चय: महिनाअखेरच्या मीटिंगला यावर प्रेझेंटेशन. असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी आहेच. दोन स्लाइड तयार. एकीवर माझा फोटो.

बुधवार, ५ मार्च
ऑपरेटर ज्योतीराम, लातूरचा, आठ वर्षं याच पट्ट्यावर. म्हणाला, साहेब, स्टॉप दाबलं तरी थांबंना, पॅनेलला थाप मारली तवा थांबला. बटन नीट दाबत नसणार. तसं सांगितलं.
दिव्या म्हणे रिले उघडून बघू. लाइन थांबली तर प्रॉडक्शनला उत्तर कोण देणार?

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ११.२०
रेझिस्टर आला. चाललेलं कशाला खोला? रविवारी बघू.

दुपारी ४
ज्योतीरामचा हातमोजा रोलरमध्ये गेला. त्याने स्टॉप दाबला. पट्टा चालूच. तो ओरडत होता. मी पॅनेलसमोर, हात हलेना. दिव्याने धावत येऊन मेन स्विच पाडला. तोवर त्याची तीन बोटं रोलरमध्ये सापडली होती.
नंतर रिले उघडला. कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटलेले.
रिपोर्टमध्ये कारण लिहिलं: ऑपरेटरचा हातमोजा सैल. खोटं नाही. सैल होताच.

शनिवार, ८ मार्च
हॉस्पिटल. दोन बोटं वाचतील. तिसऱ्याचं डॉक्टर सांगत नाहीत. ज्योतीराम झोपलेला. त्याच्या बायकोने, सोजरबाईने, स्टूल पुढे केलं.
"तुमी होता म्हणून निभावलं साहेब. तुमीच थांबवला न्हवं पट्टा?"
दिव्या दारात उभी होती.
मी म्हणालो, "नाही. थांबवला हिने. थांबत नव्हता तो माझ्यामुळे."
सोजरबाई नवऱ्याचं पांघरूण सारखं करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बुधवारी सांगितलं होतं की ह्यांनी. घरी येऊन बोलले."
बाहेर आलो.
सोमवारी रिपोर्ट परत मागून घेणार, असं लिहितोय. जमेल का, माहीत नाही.